हिस्टोपॅथॉलॉजिकल : लांब इंग्रजी विशेषणातले सिलॅबल आणि आघात

(ओवे, ता. पनवेल : स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

‘हिस्टोपॅथॉलॉजिकल’ या इंग्रजी विशेषणात सात सिलॅबल आहेत. त्यांतला शेवटून तिसरा, म्हणजे ‘लॉ’, मुख्य आघाताचा मानकरी आहे. शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखण्याच्या शास्त्राला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात. त्या तपासणीसंबंधी जे काही असेल, मग तो अहवाल असो, निदान असो किंवा नमुना, त्याला हे विशेषण लागते. ओवे गाव आज ज्या खारघर परिसरात मोडते, तिथे हा शब्द परका नाही. टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोगावरचे उपचार, संशोधन आणि शिक्षण यांचे केंद्र २००२ पासून खारघरला आहे. त्याचे मूळ १९५२ साली मुंबईत निघालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे. त्या संस्थेचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे स्वतः पॅथॉलॉजिस्ट होते. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. ज्या विद्येत मराठी माणसाने इतके काम केले, तिची शब्दावली मराठी विद्यार्थी रोज वाचतो आणि लिहितो. तीच शब्दावली इंग्रजीत मोठ्याने बोलायची वेळ आली की मात्र तो अडखळतो. अडखळण्याचे कारण बहुधा शब्दाची लांबी हे नसते. आघात कुठे द्यायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

सिलॅबल मोजण्याचा नियम सोपा आहे. कानाला जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. हा शब्द रोमन लिपीत सतरा अक्षरांचा आहे आणि त्यात स्वरांची अक्षरे सात आहेत. इंग्रजीत लिहिलेला स्वर आणि बोललेला स्वर यांची जोडी नेहमी जमतेच असे नाही, पण ग्रीक घटकांपासून घडवलेल्या शास्त्रीय शब्दांत ती पुष्कळदा जमते. देवनागरीत लिहिताना हाच शब्द आठ अक्षरांचा होतो : हि, स्टो, पॅ, थॉ, लॉ, जि, क, ल. शेवटचे ‘क’ आणि ‘ल’ मिळून उच्चारात एकच सिलॅबल होतो, ‘कल्’. मराठी वाचकाला यात नवे काही नाही. ‘पनवेल’ लिहायला चार अक्षरे लागतात आणि बोलताना दोनच सिलॅबल होतात, पन्-वेल्. ‘खारघर’ही तसेच, खार्-घर्. ‘ओवे’ मात्र जितके लिहावे तितकेच बोलावे असे सरळ गाव आहे.

सिलॅबल किती हे कळले, तरी शब्द नेमका कुठे तोडायचा हा प्रश्न उरतो आणि तो अधिक नाजूक आहे. देवनागरी लेखनात व्यंजन पुढच्या स्वराला चिकटते, म्हणून ‘हि-स्टो’ असे तुकडे पडतात. पण मराठी छंदःशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे की जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू होते, कारण जोडाक्षरातले पहिले व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला जाऊन मिळते. म्हणजे कान ‘हिस्-टो’ असेच ऐकतो. अमेरिकन शब्दकोशही तिथेच ठिपका देतात. ‘पॅथॉलॉजी’ आणि ‘पॅथॉलॉजिकल’ या शब्दांत मात्र त्याच कोशांचे ठिपके जागा बदलतात. नामाचे तुकडे प-थॉल्-अ-जी असे पडतात आणि विशेषणाचे पॅथ्-अ-लॉज्-इ-कल असे. ‘थ’ आधी पुढच्या सिलॅबलमध्ये होता, तो आता मागच्यात आला. कारण इंग्रजीत आघात असलेला ऱ्हस्व स्वर सहसा उघडा राहत नाही, तो शेजारचे व्यंजन आपल्याकडे ओढून घेतो. जे. सी. वेल्स यांनी १९९० च्या आपल्या उच्चारकोशात हेच तत्त्व धरले आहे : व्यंजन कोणत्या बाजूला जाईल, हे दोन्हीकडच्या सिलॅबलांपैकी कोणावर जोर जास्त आहे यावर ठरते. दुसरा पक्ष म्हणतो की शक्य तितकी व्यंजने पुढच्या स्वराकडेच द्यावीत. हा वाद अजून मिटलेला नाही. शिकणाऱ्याने त्यात फार वेळ घालवू नये. ‘थ’ कोणत्याही बाजूला गेला तरी आघाताची जागा तीच राहते.

ओळीच्या शेवटी शब्द तोडणे हे याहून वेगळे काम आहे. ब्रिटिश छपाईत शब्दाचे घटक पाहून तोडण्याकडे कल असतो, अमेरिकन छपाईत उच्चार पाहून. संगणकाकडून हे काम करवून घेण्याची रीत फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात मांडली. त्या प्रबंधाच्या शीर्षकातले शब्दच त्यांनी जागोजागी आडव्या रेघांनी तोडून छापले होते. छापील पानावरची अशी रेघ पाहून उच्चार ठरवू नये.

आघात म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. इंग्रजीत आघाताच्या सिलॅबलवर सूर चढतो, स्वर लांबतो, आवाज थोडा वाढतो आणि मुख्य म्हणजे स्वर आपल्या पूर्ण रूपात उच्चारला जातो. बाकीचे स्वर आकसतात आणि बहुतेक ठिकाणी अस्पष्ट ‘अ’सारखे होतात. उच्चारकोश मुख्य आघाताच्या सिलॅबलआधी वरच्या अंगाला उभी रेघ देतात आणि दुय्यम आघाताआधी खालच्या अंगाला. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये निघाला, तेव्हापासून असे कोश सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आहेत. मराठी घरांत मात्र शब्दकोश उघडला जातो तो अर्थासाठी, आणि ती छोटी रेघ डोळ्यांखालून तशीच निघून जाते.

मुख्य आघाताची जागा लांब विशेषणात बहुतेक वेळा शब्दाचे शेपूट ठरवते. ‘-इक’ या प्रत्ययाने संपणाऱ्या विशेषणात आघात प्रत्ययाच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो, आणि ‘-इकल’ जोडले तरी तिथेच राहतो. प्रत्ययाआधीचा भाग कितीही लांब असो, त्याने फरक पडत नाही. ‘केमिकल’मध्ये ‘के’वर, ‘बायोकेमिकल’मध्ये ‘के’वर आणि ‘इम्युनोहिस्टोकेमिकल’ या आठ सिलॅबलच्या विशेषणातही ‘के’वरच. नाम आणि विशेषण शेजारी ठेवले की हा नियम उघड दिसतो. कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थाला ‘कार्सिनोजेन’ म्हणतात. त्यात आघात ‘सि’वर आहे. ‘कार्सिनोजेनिक’ म्हटले की तो ‘जे’वर सरकतो. रोग शरीरात दुसरीकडे पसरला की डॉक्टर ‘मेटास्टॅसिस’ लिहितात. इंग्रजीत त्या नामाचा उच्चार साधारण ‘मटॅस्टसिस’ असा होतो, आघात दुसऱ्या सिलॅबलवर. ‘मेटास्टॅटिक’ या विशेषणात मात्र ‘स्टॅ’ खरोखरच ठळक आहे. मराठी तोंडी नामातही ‘स्टॅ’च जोरात येतो, कारण विशेषणाचा उच्चार नामाला लावला जातो. सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण ‘सोनोग्राफी’चे. इंग्रजीत आघात दुसऱ्या सिलॅबलवर असतो आणि कानावर पडते ‘सनॉग्रफी’. ‘सोनोग्राफिक’ या विशेषणात तो ‘ग्रा’वर जातो आणि आरंभीचा ‘सो’ पुन्हा पूर्ण होतो. या नियमाला अपवाद आहेत, पण थोडे आणि बहुतेक जुने : अरेबिक, कॅथलिक, लूनॅटिक. त्यांत आघात एक पाऊल आणखी मागे, पहिल्या सिलॅबलवर आहे. ‘अरिथ्मेटिक’ तर दोन्हीकडे आहे. नाम असताना आघात ‘रि’वर, विशेषण असताना नियमाप्रमाणे ‘मे’वर.

इथे मराठीच्या घरातली एक गोष्ट आठवावी. ‘विज्ञान’ला ‘-इक’ लागून ‘वैज्ञानिक’ होते, ‘शरीर’चे ‘शारीरिक’, ‘भूगोल’चे ‘भौगोलिक’, ‘प्रयोग’चे ‘प्रायोगिक’. प्रत्यय लागतो शेवटी आणि बदल होतो पहिल्या स्वरात, त्याची वृद्धी होते. संस्कृत ‘-इक’ आणि ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘-इक’ हे एकाच भारोपीय कुळातले प्रत्यय आहेत. दोन्हीकडे शेवटचा प्रत्यय आधीच्या शब्दाला हलवतो. इंग्रजीत आघात हलतो, मराठीत आलेल्या संस्कृत शब्दांत स्वर हलतो. पाणिनीने तर उच्चारातल्या चढ्या सुराचाही, म्हणजे उदात्ताचाही, विचार केला आहे. त्याच्याकडे ‘इक’ देणाऱ्या प्रत्ययांत ‘ठक्’ आणि ‘ठञ्’ हे दोन आहेत. दोघांनीही पहिल्या स्वराची वृद्धी होते, पण ‘ठञ्’ने उदात्त शब्दाच्या आरंभी येतो आणि ‘ठक्’ने शेवटी. सारख्याच दिसणाऱ्या दोन प्रत्ययांना त्याने वेगळ्या खुणा दिल्या, त्यामागे हा उदात्ताचा भेद होता. मराठीने ते उदात्त-अनुदात्त सोडून दिले आणि वृद्धी तेवढी ठेवली. तरीही ‘प्रत्ययाकडे पाहा, मग शब्द कसा उच्चारायचा ते कळेल’ ही दृष्टी या भूमीवर अडीच हजार वर्षांच्या आसपासची जुनी आहे. इंग्रजी विशेषण शिकताना तीच कामाला येते.

‘-इक’ सोडून बाकीच्या प्रत्ययांसाठी, म्हणजे ‘-अल’, ‘-अस’ आणि ‘-अर’ने संपणाऱ्या विशेषणांसाठी, लॅटिनचा नियम लागतो. तो मराठी माणसाला शिकवावा लागू नये इतका ओळखीचा आहे, कारण तो लघु-गुरूचा आहे. शेवटून दुसरा सिलॅबल पाहावा. तो गुरू असेल, म्हणजे त्यात दीर्घ किंवा संयुक्त स्वर असेल अथवा त्याच्यापुढे जोडव्यंजन असेल, तर आघात त्याच्यावर. लघु असेल तर आघात एक पायरी मागे, शेवटून तिसऱ्यावर. ‘हॉर्मोनल’मध्ये ‘मो’ गुरू, म्हणून आघात तिथेच. ‘प्लॅसेंटल’मध्ये ‘सें’ गुरू, तिथेही तसेच. ‘ॲब्डॉमिनल’मध्ये ‘मि’ लघु, म्हणून आघात ‘डॉ’वर. ‘स्केलेटल’मधला मधला स्वर लघु, म्हणून आघात ‘स्के’वर. दवाखान्यात रोज जोडीने ऐकू येणारे दोन शब्द घ्यावेत, ‘इंट्राव्हेनस’ आणि ‘इंट्रामस्क्युलर’. पहिल्यात शेवटून दुसरा सिलॅबल इंग्रजीत दीर्घ ‘व्ही’ आहे, आघात त्याच्यावर. दुसऱ्यात ‘क्यु’ लघु आहे, म्हणून आघात मागे ‘मस्’वर. एक सुई शिरेत, एक स्नायूत आणि दोन्ही विशेषणांचा आरंभ एकच, तरी आघाताच्या जागा वेगळ्या. ‘सबक्युटेनियस’मध्ये ‘नि’ लघु, म्हणून ‘टे’वर. ‘-इकल’चा नियमही याच्याच पोटात बसतो. ‘इक’ हा लघु, मग आघात त्याच्या मागे.

या नियमाचा खरा पुरावा जिथे खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांत एकमत नाही तिथे मिळतो. ‘ड्युओडीनल’ या शब्दात ब्रिटिश वक्ता ‘डी’ दीर्घ उच्चारतो आणि आघात त्याच्यावर देतो. काही अमेरिकन तोच स्वर ऱ्हस्व करतात आणि लगेच आघात मागे सरकून ‘ऑ’वर जातो. ‘इंटेस्टिनल’मध्ये ‘टि’ ऱ्हस्व धरला तर आघात ‘टे’वर आणि ‘टाय’ म्हटले तर ‘टाय’वर. स्वराचे वजन बदलले की आघाताने जागा सोडली. मराठीत हे वजनाचे शास्त्र माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात पद्धतशीर मांडले आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट. दिली. सावध मात्र राहावे लागते. मराठी वृत्तात गुरू म्हणजे दोन मात्रांचा काळ, त्याच्यावर जोर असतोच असे नाही. इंग्रजीत वजन हे आघाताची जागा ठरवण्याचे साधन आहे. मोजमाप एकच असले तरी त्याचा उपयोग वेगळा.

मुख्य आघाताच्या आधी तीन-चार सिलॅबल असतील तर त्यांना सपाट सोडता येत नाही. इंग्रजी तिथे दुय्यम आघात देते आणि सहसा दोन आघात लगतच्या सिलॅबलांवर येऊ देत नाही. ‘हिस्टोपॅथॉलॉजिकल’मध्ये दुय्यम आघात ‘हिस्’वर आणि ‘पॅ’वर आहेत, मुख्य ‘लॉ’वर. जोर आणि विसावा आळीपाळीने येतात आणि शेवटी दोन सिलॅबल पटकन निघून जातात. आघाताच्या जागी गुरू आणि बाकी ठिकाणी लघु मानले, तर शाळेत पाठ केलेल्या ‘यमाताराजभानसलगा’ या गणसूत्राच्या मापाने हा शब्द र, ज, ल असा बसतो. ‘इम्युनोहिस्टोकेमिकल’ भ, र, ल, ल असा. गणांचा हा वापर छंदःशास्त्राच्या काटेकोर अर्थाने नाही, पण लांब शब्द एका दमात आणि न अडखळता म्हणण्यासाठी तो उत्तम चालतो. बोटांवर ठेका धरून शब्द चार वेळा म्हटला की जीभ वळते.

आता मराठी लेखनातल्या एका चमत्कारिक गोष्टीकडे पाहावे. पनवेल-खारघरच्या रस्त्यांवर ‘पॅथॉलॉजी लॅब’ अशा पाट्या पावलोपावली आहेत. त्या पाटीवरचे ‘पॅ’, ‘थॉ’, ‘लॉ’ हे तिन्ही पूर्ण स्वर इंग्रजी वक्त्याच्या तोंडी एकाच शब्दात कधीच येत नाहीत. तो नाम उच्चारतो तेव्हा ‘पथॉलजी’, म्हणजे फक्त ‘थॉ’ पूर्ण. विशेषण उच्चारतो तेव्हा ‘पॅथलॉजिकल’, म्हणजे ‘पॅ’ आणि ‘लॉ’ पूर्ण आणि मधला ‘थ’ पुसट. मराठी पाटीने दोन्ही शब्दांतले पूर्ण स्वर गोळा करून एकत्र लिहिले आहेत. याला अशुद्ध म्हणणे अन्यायाचे होईल. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ च्या इंग्रजी ध्वनिरचनेवरील ग्रंथात असे मांडले की शब्दाच्या मूळ रूपात सगळे स्वर पूर्णच असतात. आघाताचे नियम लागल्यावर बिनआघाताचे स्वर क्षीण होतात आणि इंग्रजी स्पेलिंग हे पुष्कळ अंशी त्या मूळ रूपाच्या जवळचे आहे. त्या हिशेबाने मराठी पाटीवर मूळ रूपच लिहिलेले आहे. त्यात कमी आहे ती शेवटची पायरी, आघात देऊन बाकीचे स्वर पुसट करण्याची.

ती पायरी मराठी जिभेला न झेपणारी आहे असेही नाही. ‘डोंगर’ हा शब्द डों-गर् असा दोन सिलॅबलचा आहे. ‘डोंगराला’ म्हटले की तो डोंग्-रा-ला होतो. ‘ग’मधला ‘अ’ नाहीसा झाला आणि ‘ग’ मागच्या सिलॅबलमध्ये गेला. ‘कापड’चे काप्-डा-ला, ‘सडक’चे सड्-के-वर. प्रत्यय लागला की आतला स्वर गळतो आणि सिलॅबलची सीमा सरकते, हे मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा नकळत करतो. फरक दोन ठिकाणी आहे. मराठीत स्वर पुरता गळतो, इंग्रजीत तो पुसट होऊन राहतो. आणि मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून कान त्याची दखल घेत नाही. मराठी बोलण्यात सिलॅबलांना साधारण सारखा वेळ मिळतो, इंग्रजीत आघातांमधले अंतर सारखे ठेवण्याकडे ओढा असतो. केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये भाषांच्या लयीचा हा भेद मांडला. पुढच्या मोजमापांत तो इतका काटेकोर ठरला नाही, तरी कल म्हणून तो खरा आहे.

याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो. इंग्रजीवर वाढलेला श्रोता शब्द ओळखतो तो मुख्यतः आघाताच्या सिलॅबलवरून. आघात चुकीच्या जागी पडला तर व्यंजने-स्वर सगळे बरोबर असूनही शब्द ओळखू येत नाही. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत समजते याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांनी शब्दातला चुकलेला आघात धरला. ‘ट’ थोडा मूर्धन्य झाला किंवा ‘थ’ महाप्राण झाला, तर श्रोता सांभाळून घेतो. ‘मेटास्टॅसिस’मध्ये ‘टॅ’च्या जागी ‘स्टॅ’ ठळक झाला, की तो थबकतो. म्हणून शिकण्याचा वेळ थोडा असेल तर तो ध्वनींपेक्षा आघातावर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

मराठीत बोलताना मात्र यातले काहीही लागू करू नये. ‘सोनोग्राफी केली का?’ असे विचारताना ‘सनॉग्रफी’ म्हणणे हे मराठीत परके आणि अवघड वाटेल. तिथे तो मराठी शब्द आहे आणि मराठीच्या चालीनेच बोलला पाहिजे. हा सारा अभ्यास इंग्रजीत बोलण्यापुरता आहे : परिषदेत निबंध वाचताना, तोंडी परीक्षेत, परदेशी सहकाऱ्याशी फोनवर.

शास्त्र शाखेच्या वर्गात नवा शब्द शिकवताना शिक्षकाने नाम एकटे लिहू नये. त्याचे विशेषणही शेजारी लिहावे आणि दोन्हींत आघाताच्या सिलॅबलखाली रेघ मारावी. कार्सिनोजेन-कार्सिनोजेनिक, मेटास्टॅसिस-मेटास्टॅटिक, हिस्टोपॅथॉलॉजी-हिस्टोपॅथॉलॉजिकल अशा वीस-पंचवीस जोड्या वर्गाने एका सुरात म्हटल्या, की पुढच्या शब्दाचा आघात विद्यार्थी स्वतःच शोधू लागतो. मराठीच्या शिक्षकाने लघु-गुरू शिकवताना फळ्यावर ‘हॉर्मोनल’ आणि ‘ॲब्डॉमिनल’ हे दोन शब्द जरूर घ्यावेत. आणि विद्यार्थ्याने शब्दकोशात अर्थ पाहण्याआधी ती छोटी उभी रेघ पाहण्याची सवय लावून घ्यावी.